शस्त्रक्रियागृह आहे, भूल कोण देणार?

रत्नागिरी जिल्ह्यातील आरोग्यसेवेचा हिशेब सत्ताधारी नेहमी इमारतींत मांडतात. रत्नागिरीस जिल्हा रुग्णालय आहे. दापोली, खेड तालुक्यातील कळंबणी आणि चिपळूणजवळील कामथे येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ही यादी खोटी नाही. परंतु अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियागृहाच्या दारातून ‘पुढे न्या’ म्हणून परतविले जाते, तेव्हा भिंती, दिवे, टेबल, कित्येकदा सर्जनसुद्धा जागेवर असतो. नसतो तो भूलतज्ज्ञ.

भूल देणे म्हणजे झोपेचे इंजेक्शन टोचणे, असा समज अजून सुशिक्षितांतही आहे. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला की पुष्कळदा रक्तदाब झपाट्याने घसरतो. औषधाचा अंमल वर चढला तर श्वास अडखळतो. त्या क्षणी सर्जनचे दोन्ही हात पोटात गुंतलेले असतात. रुग्णाचा श्वास, रक्त आणि नाडी यांची राखण दुसऱ्या कोणी तरी करावी लागते, आणि ती रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत करावी लागते. कोकणात मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाचा श्वास बंद पडू लागला म्हणजे घशात नळी घालून कृत्रिम श्वास देण्याचे कसबही याच माणसाच्या हाती असते. सर्जनचे नाव गावात दुमदुमते, भूल देणाऱ्याचे नाव रुग्णाला ठाऊकही नसते. आणि शासनाच्या आकडेवारीतही त्याची तीच गत आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालात सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जनांची ८३.२ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ टक्के तूट नोंदलेली आहे. तज्ज्ञांची एकूण बेरीज केली आहे ती सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चौघांची. भूलतज्ज्ञ त्या बेरजेत नाही!

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि २२ मार्च १८४७ ला ती विद्या कलकत्त्यात वापरली गेली. जहाजांच्या काळात अर्धे जग ओलांडायला तिला सहा महिनेही लागले नाहीत. जिल्ह्याच्या ठाण्याहून तालुक्याच्या गावी ती चोवीस तास, खात्रीने अजून पोचायची आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली जगापुढे एक साधी कसोटी ठेवली : सिझेरियन, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार, या तीन गोष्टी माणसाच्या घरापासून दोन तासांच्या आत मिळाल्या पाहिजेत. याच आयोगाच्या अंदाजाने जगातील ५ अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल उपलब्ध नाही. मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. वाटेत नद्या आहेत, घाट आहेत आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेले महामार्गाचे काम आहे. आषाढातल्या रात्री ही वाट दोन तासांत कोणी कापून दाखवावी. दक्षिणेकडचा रुग्ण आंबा घाटाने कोल्हापूर गाठतो, उरलेले परळची वाट धरतात. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती कोकणी माणसाच्या दीर्घ मागणीचे फळ होते. पण तिच्या डब्यातून केईएमला जाणारे रुग्ण मोजले तर कोकणातील रुग्णालयांची खरी परीक्षा तेथेच होईल.

यावर राज्यकर्त्यांचे उत्तर तयार असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे ५ लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. दुसऱ्या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. पण विम्याचे कार्ड भूल देत नाही. पैसा रुग्णाच्या मागून जाणार आणि रुग्ण शस्त्रक्रिया होते तेथे जाणार, म्हणजे शहरातल्या खासगी रुग्णालयात. सरकारी रुग्णालय रिकामे ठेवावे, मग ते चालत नाही म्हणून बोटे मोडावीत, हा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे.

भूलतज्ज्ञ तालुक्यात राहत नाहीत याचा दोष केवळ त्यांच्या धनलोभावर ढकलणे सोपे आहे. एका रुग्णालयाला एक भूलतज्ज्ञ दिला तर तो माणूस रात्रंदिवस, सणासुदीला, आजारपणातही एकटाच जबाबदार ठरतो. तो रजेवर गेला की शस्त्रक्रियागृहाला कुलूप. पदव्युत्तर डॉक्टरांच्या बंधपत्रात लिहिलेला ५० लाखांचा दंड एखाद्याला वर्षभर आणून बसवील. त्याला तेथे टिकवील ती सोबत, राहण्याजोगे घर आणि वेळेवर पगार.

एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भूलशिक्षण देण्याची योजना आपल्या देशात पूर्वीच झालेली आहे. ‘गरिबांना अर्धे शिकलेले डॉक्टर का?’ हा त्यावरचा आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच असा डॉक्टर एकटा सोडू नये. अवघड रुग्ण कोणता हे ओळखण्याची शिस्त आणि जिल्ह्यातील तज्ज्ञाचा सल्ला त्याच्या पाठीशी असावा. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासयादी नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तिला लागतो एक कागद. पण ती वाचायला माणसे लागतात, आणि आक्षेपाचे खरे उत्तर भूलतज्ज्ञ नेमणे हेच आहे.

पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची सबब पुढे करून शासनाला ही जबाबदारी टाळता येणार नाही. तेथेही जखमी शेतमजुराला एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे धाडले होते.

तेव्हा रत्नागिरीतील कार्यकर्त्यांनी नव्या इमारतीच्या उद्घाटनाला जाण्याऐवजी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला जावे. गेल्या वर्षभरात किती स्त्रिया सिझेरियनसाठी पुढे पाठविल्या, त्यांतील किती भूलतज्ज्ञाच्या अभावी, हे माहितीच्या अधिकारात रुग्णालयवार मागावे. दापोली, कळंबणी आणि कामथे येथे भूलतज्ज्ञांची किमान दोन-दोन पदे आणि नव्या महाविद्यालयात भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण ही मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे लेखी न्यावी. तोवर प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर एक फळा लावावा : आज रात्री येथे शस्त्रक्रिया होईल की नाही. गाडी ठरवून निघालेल्या कुटुंबाला निदान तेवढे आधी कळले पाहिजे.