विश्लेषण : ‘मिडवाइफ’ व्हायचे आहे, पण प्रवेश कशाला घ्यायचा?

बारावीनंतर किंवा पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात प्रसूतिसेवेकडे वळायचे ठरवलेल्या विद्यार्थिनीला प्रवेशाच्या यादीत ‘मिडवाइफरी’ नावाची पदवी सापडत नाही. भारतात या पेशाचा रस्ता नर्सिंगमधून जातो आणि तो साडेसहा ते साडेसात वर्षांचा आहे. या वर्षांचे नियोजन कसे करायचे, कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे आणि शेवटी हाती पद येईल का, याविषयी…

मिडवाइफ म्हणजे सुईण का?

नाही. सुईण किंवा दाई पिढीजात अनुभवावर बाळंतपण करते. मिडवाइफ ही प्रशिक्षित आणि नोंदणीकृत व्यावसायिक असते. गर्भारपणातील तपासण्या, नैसर्गिक प्रसूती आणि त्यानंतर बाळ-बाळंतिणीची काळजी ती स्वतःच्या जबाबदारीवर पाहते. गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे सोपवते. मराठीत सरकारी शब्द आहे ‘प्रसाविका’. उपकेंद्रातील ‘एएनएम’चे पूर्ण नावच सहाय्यक परिचारिका प्रसाविका असे आहे. गंमत अशी की बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंदणी ‘नर्स’ आणि ‘मिडवाइफ’ अशी दुहेरी होते. म्हणजे कागदावर देशात मिडवाइफची कमतरता नाही. प्रसूतिकक्षात स्वतः निर्णय घेणारी मिडवाइफ मात्र शोधावी लागते, कारण तेथे परिचारिकेचे काम बहुधा डॉक्टरांच्या सूचना अमलात आणण्यापुरते राहते.

सरकारला आता मिडवाइफ कशासाठी हव्यात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. बाळंतपण घरातून रुग्णालयात आले, पण त्यासोबत सिझेरियनही वाढले. देशात त्याचे प्रमाण २१.५ टक्के आहे, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५.४ टक्के आहे आणि तेलंगणात तब्बल ६०.७ टक्के. दुसरीकडे मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत गर्दी इतकी असते, की कळा देणाऱ्या बाईजवळ सलग थांबायला कुणी नसते. मिडवाइफची गरज या दोन्ही टोकांना आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ (एनपीएम) हे नवे पद आणि मिडवाइफच्या देखरेखीखाली चालणारे प्रसूती विभाग ही कल्पना आली. हे विभाग नेहमीच्या प्रसूतिकक्षाच्या जवळच असावेत, जोखीम नसलेल्या गर्भवती तेथे याव्यात आणि गरज पडल्यास लगेच डॉक्टर मिळावेत, अशी ही रचना आहे. तेलंगणने त्याआधीच, २०१७ मध्ये, करीमनगरमध्ये ३० परिचारिकांना दीड वर्षाचे प्रशिक्षण देऊन सुरुवात केली होती. सिझेरियनचा आकडा पाहता त्यांना घाई का होती, हे सांगायला नको.

मग टप्पे कोणते, वर्षे किती?

एनपीएम हा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याला बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम, परिषदेकडील नोंदणी आणि प्रसूती करण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. चार वर्षांची बीएस्सी, दोन वर्षे नोकरी आणि दीड वर्ष एनपीएम धरले तर साडेसात वर्षे होतात. जीएनएम तीन वर्षांचे असल्याने तो मार्ग साडेसहा वर्षांत संपतो. तुलनेसाठी, एमबीबीएस आणि स्त्रीरोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळून साडेआठ वर्षे होतात. अंतर वाटते तितके नाही. फरक असा की इथे मधली दोन वर्षे पगार मिळतो.

बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएमला कला-वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही दार उघडे आहे. एएनएम दोन वर्षांत होते आणि गावात नोकरीची आशा असते, म्हणून अनेक घरांत तोच सल्ला दिला जातो. पण एएनएमवरून थेट एनपीएमला जाता येत नाही. मध्ये जीएनएम करावेच लागते. ज्यांना प्रसूतिसेवेतच राहायचे आहे, त्यांच्यासाठी हा जवळचा रस्ता शेवटी लांबचाच ठरतो.

जी विद्यार्थिनी आधीच बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे, तिला थेट वरच्या वर्षात प्रवेश नाही. नर्सिंग पहिल्या वर्षापासून करावे लागते. विशीत सुरुवात केली तर एनपीएम पूर्ण होईपर्यंत वय २७-२८ होते. घरच्यांशी हे बोलणे प्रवेश अर्ज भरण्याआधी झालेले बरे, कारण नेमक्या याच वयात लग्नाचा विषय निघतो आणि शेवटचा दीड वर्षाचा टप्पा सुटतो.

कॉलेज निवडताना काय पाहावे?

इमारत, वसतिगृह आणि निकालाची टक्केवारी माहितीपत्रकात असतेच. माहितीपत्रकात नसलेला प्रश्न असा : विद्यार्थिनींना प्रसूतिकक्षाचा अनुभव कोणत्या रुग्णालयात मिळतो आणि तेथे महिन्याला किती प्रसूती होतात?

२०२१च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार बीएस्सी नर्सिंग आठ सत्रांचे झाले आणि मिडवाइफरी हा विषय सहाव्या व सातव्या सत्रात येतो. म्हणजे पहिली अडीच वर्षे या विषयाची गाठही पडत नाही. गाठ पडते तेव्हा प्रत्यक्ष केलेल्या प्रसूतींची नोंद लॉगबुकात करायची असते. इथे खरी अडचण येते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रसूती भरपूर, पण त्यांवर एमबीबीएसचे इंटर्न आणि निवासी डॉक्टर यांचा पहिला हक्क. नर्सिंगच्या विद्यार्थिनी भिंतीला टेकून पाहतात. लहान खासगी रुग्णालयाशी जोडलेल्या कॉलेजात स्पर्धा नसते, पण प्रसूतीही मोजक्या आणि त्यांतील बऱ्याच सिझेरियन. जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयात पाठवणारे कॉलेज या दोन्हींपेक्षा उपयोगी ठरू शकते. याचे उत्तर प्राचार्यांपेक्षा चौथ्या वर्षातील विद्यार्थिनी अधिक खरे देतात. त्यांना एकच विचारावे, ‘ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने किती बाळंतपणे केलीत?’

पहिल्या नोकरीलाही हेच लागू आहे. दोन वर्षांचा अनुभव ‘प्रसूतीचा’ हवा आहे. बहुतेक रुग्णालयांत परिचारिकांची दर काही महिन्यांनी वॉर्डबदली होते. अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहात गेलेली वर्षे या हिशेबात धरली जात नाहीत. नेमणूक घेतानाच प्रसूतिकक्ष मागून घेणे आणि अनुभव प्रमाणपत्रात तसा उल्लेख करून घेणे, हे वेळीच केलेले बरे.

शेवटी पद मिळेल का?

या संपूर्ण योजनेतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा केला. त्यात नर्सिंग व्यावसायिक आणि मिडवाइफरी व्यावसायिक या वेगळ्या व्याख्या आहेत. पण व्याख्येने वेतनश्रेणी ठरत नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. पदे निर्माण करणे, विभाग उभारणे आणि प्रशिक्षित मिडवाइफला पुन्हा सर्वसाधारण वॉर्डात न पाठवणे हे प्रत्येक राज्याच्या हातात आहे. म्हणून बीएस्सी नर्सिंग ही स्वतंत्रपणे उभी राहू शकणारी पदवी म्हणूनच घ्यावी लागते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते आणि बीएस्सीधारकांना अनुभवाची अट नाही, जीएनएमला ती आहे. एक वर्ष वाचवणाऱ्या जीएनएमची किंमत इथे कळते. प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येतील दोन वर्षांची एमएस्सीही आहे, पण ती प्रामुख्याने अध्यापनाकडे नेते.

परदेशाचे काय?

ब्रिटनमध्ये बारावीनंतर थेट तीन वर्षांची मिडवाइफरी पदवी आहे आणि नोंदणी नर्सपेक्षा वेगळी होते. न्यूझीलंडमध्येही थेट पदवी आहे. अमेरिकेत नर्स-मिडवाइफ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते. ‘नर्सिंग करून ब्रिटनला जायचे आणि तिथे मिडवाइफ व्हायचे’ असे सांगणाऱ्या एजंटांना म्हणूनच एक गोष्ट लेखी विचारावी : नोंदणी नर्स म्हणून मिळणार आहे की मिडवाइफ म्हणून? तिथे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि भारतातील दुहेरी नोंदणीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही.