कुलुपांतील प्रबंध

ह्या चैत्रांत पौडास एका स्नेह्याकडे गेलों असतां, मुळशी धरणांत ज्यांची शेतें बुडालीं अशा घराण्यांतील एक तरुण मला भेटावयास आला. त्याच्या आजोबांजवळ बसून एका संशोधकानें बरेच दिवस टिपणें घेतलीं होतीं. त्यांवर पुढें प्रबंध झाला, पदवी मिळाली. आजोबा आतां हयात नाहींत. "सर, आजोबा काय बोलले तें त्यांत असेल ना? मला वाचायला मिळेल का?" एवढेंच त्याचें विचारणें होतें. मीं संबंधित विद्यापीठास पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, प्रबंध ग्रंथालयाबाहेर जात नाहीं, आंत बसून वाचावयाचा तर विभागप्रमुखांचें पत्र आणावें, आणि नक्कल करून मिळणार नाहीं. तें उत्तर त्या तरुणास वाचून दाखवितांना मला माझ्या व्यवसायाची लाज वाटली.

मुळशीची हकीकत ही कोणा पंडिताची खाजगी मिळकत नव्हे. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, ह्या खोऱ्यांतील मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांसारखा पुरुष त्यासाठीं तुरुंगांत गेला. प्रा. राजेंद्र व्होरा यांनीं २००९ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ह्या लढ्यास जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें आहे. मुंबईला वीज मिळावी म्हणून ह्या लोकांची जमीन गेली. आतां आम्हांस पदव्या मिळाव्यात म्हणून त्यांची आठवणही जावी काय?

नियम नाहीं असें कोणी म्हणूं नये. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ मध्यें प्रबंधाची संगणकीय प्रत देणें बंधनकारक केलें, आणि २०१६ च्या नियमांनीं तर पदवी जाहीर होण्यापूर्वींच ती द्यावी असें ठरविलें. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधगंगा' त्यासाठींच आहे. तेथें घरबसल्या कोणासही फुकट वाचतां येतें. परंतु त्यापूर्वींचे प्रबंध कपाटांतच आहेत, आणि ते बाहेर काढणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलें आहे. मराठी प्रबंधांची दशा आणखी निराळी. जुन्या खाजगी टंकांत जुळविलेला अथवा नुसतीं छायाचित्रें काढून चढविलेला प्रबंध डोळ्यांना दिसतो खरा, पण त्यांत 'मुळशी' हा शब्द शोधूं गेलें तर यंत्र कांहींच सांपडलें नाहीं म्हणतें. गंगा वाहते आहे, पण आमच्या घागरीला तोंडच नाहीं!

ह्यावर एक आक्षेप नेहमीं येतो : प्रबंध खुला केला कीं चोर सुटतील. तीस वर्षांच्या अध्यापनांत मीं चोऱ्या पाहिल्या आहेत, आणि त्या बहुतेक कुलुपांतील मालाच्याच होत्या. कारण मूळ प्रत कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं हा चोराचा भरंवसा होता. खुल्या प्रबंधाची चोरी शाळकरी मुलगाही पकडील. खरी भीति चोराची नसून वाचकाची आहे. आपलें लिहिणें कोणी खरोखरच वाचील, आणि ज्याच्याविषयीं लिहिलें तोच वाचील, ही कल्पना आमच्यापैकीं पुष्कळांस सोसत नाहीं. एखाद्यानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट असेल तर नांवें गाळावींत. पेटंटाचा प्रश्न असेल तर वर्ष दोन वर्षें थांबावें. त्यापलीकडे सबब नाहीं.

जुने लोक ह्या बाबतींत अधिक कडक होते. कोलंबिया विद्यापीठानें डॉ. आंबेडकरांचा प्रबंध १९१७ मध्यें मान्य केला. पण छापील प्रती हातीं आल्यावांचून पदवी द्यावयाची नाहीं असा तेथील दंडक. ग्रंथ १९२५ मध्यें छापून निघाला आणि पदवी मिळाली १९२७ मध्यें. आमच्याकडे राजवाड्यांनीं घरोघर पायपीट करून जमविलेले कागद १८९८ पासून खंडाखंडानें छापून टाकले. पदरीं पैसा नव्हता तरी छापले. आज छापण्याचा खर्चही उरलेला नाहीं. उरली आहे ती किल्ली फिरविण्याची इच्छा.

त्या तरुणास पाहिजे असलेलें पत्र मीं मिळविलें आहे. त्याची कारखान्यांतील रजा मंजूर झाली म्हणजे आम्ही दोघे जाणार आहों. वही व पेन्सिल आंत नेण्यास हरकत नाहीं, असें कळलें आहे.