गुरुजी आहेत का शाळेत?

जूनचा शेवटचा आठवडा होता. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे शाळेची घंटा आणि धानाचे पऱ्हे दोन्ही एकाच सुमारास येतात. मोहाडी तालुक्यातल्या एका लहानशा गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब झाला, हप्ते जमा झाले, चहा आला. मग मी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. आमच्या मंडळाने पालकांसाठी एक प्रश्नावली तयार केली होती. ‘गावच्या शाळेत तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?’ असा प्रश्न आणि खाली चौकटी. पक्की इमारत, मुलींसाठी वेगळं शौचालय, पिण्याचं पाणी, संगणक, इंग्रजी, मैदान, पोषण आहार. वाटेल तिथे खूण करायची, बस्स.

मी एकेक चौकट वाचून दाखवत होते. बाया माना डोलवत होत्या. कोपऱ्यात बसलेल्या एका आजीने नातीला मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हणाली, “ताई, तुमच्या कागदावर मास्तर नाही दिसून राह्यला जी.”

मी कागद उलटून पाहिला. खरंच नव्हता.

मैत्रिणींनो, ही यादी आम्ही चौघींनी भंडाऱ्यात माझ्या दिवाणखान्यात बसून केली होती. चौघीही पदवीधर, दोघींचे नवरे नोकरीत, चौघींचीही मुलं शहरातल्या खासगी शाळांत शिकलेली. शाळा म्हटली की शिक्षक असणारच, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की त्याची चौकट करावी हे एकीलाही सुचलं नाही. घरात हवा आहे का, असं कुणी विचारतं का? पण जिला श्वास घ्यायला त्रास होतो तिला हवा पहिली आठवते.

त्या गावची शाळा पहिली ते चौथीची. पट वीसच्या आत. दोन शिक्षक होते, त्यांतले एक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. उरलेल्या सरांकडे चार वर्ग, शिवाय मुख्याध्यापकाचा कारभार. म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, आधारची माहिती, आज ही लिंक भरा, उद्या ती भरा. त्यात केंद्राची बैठक आली, प्रशिक्षण आलं, मतदार यादीचं काम आलं. सर बैठकीला गेले की शेजारच्या गावातून कुणीतरी शिक्षक पाठवतात. नाही पाठवता आला, तर खिचडी खाऊन पोरं घरी.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असं लिहिलं आहे. जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये, असंही कलम २७ मध्ये आहे. कायदा वाचला की वाटतं, सगळं लिहून ठेवलंय की! पण मोठ्या शाळेतला एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेला तर तिथे बाकीचे सांभाळून घेतात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक गेला की अर्धी शाळा जाते, आणि एकाच शिक्षकाच्या शाळेत तो गेला की सगळीच.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. आपण सगळ्या ते करतोही. ‘पगार बघा आणि काम बघा’, हे वाक्य कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. पण पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून जे राबतात, त्या प्राथमिक शिक्षकांना २०२३ पर्यंत महिन्याला सहा हजार रुपयेच मिळत होते, हे पंगतीतल्या किती जणांना ठाऊक असतं? आता ते १६ हजार झालेत. तेवढ्यात भंडाऱ्यात खोली भाड्याने घेऊन गावी ये-जा करून बघा. शाळेला दांडी मारून शेती बघणारे गुरुजीही मला माहीत आहेत, नाही असं नाही. पण आमच्या त्या गावातले सर दांडीबाज नव्हते. त्यांना शाळेत राहू दिलं जात नव्हतं.

आता आईच्या बाजूने बघा. रोवणीचे दिवस. गुत्त्याचं काम, म्हणजे जितकी बांधी रोवून होईल तितका पैसा. सकाळी भाकरी बांधून बाई निघते ती सायंकाळीच परतते. पाठीला पाऊस, पायाखाली चिखल. अशा वेळी पोरगं दिवसभर कुणाच्या नजरेखाली आहे, एवढं तिला कळलं पाहिजे. शाळा तिच्या शेताच्या वाटेवर आहे. जाता जाता ती एकच गोष्ट बघते, फाटकाशी सरांची गाडी उभी आहे का? उभी असली की पुढे निघते. नसली तर पोरगं सोबत शेतात, नाहीतर म्हाताऱ्या सासूच्या हवाली. मोठी मुलगी असेल तर तिची शाळा त्या दिवशी बुडाली. धाकट्यांना सांभाळायला घरी थांबते ती मुलगीच.

आपण शहरातल्या बाया त्या शाळांना ‘खिचडीची शाळा’ म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. १९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, शिजवलेलं अन्न पुढे सुरू झालं. त्यात तोटे असतील, कधी वरण पाणचट असेल. पण पहाटे पाचला उठून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला दुपारचा एक घास शाळेत मिळतो म्हणजे काय, हे तिलाच विचारावं. त्या बैठकीत आहाराच्या चौकटीवर बहुतेकींनी खूण केली. मात्र आजी म्हणाली तेही खरं, “मास्तर आला तर खिचडी शिजते. मास्तर नाही तर चूलबी थंडी.”

मग पोरं खासगी शाळेत का जातात? इंग्रजीसाठी, असं आपण धरून चालतो. इंग्रजीचा सोस आहेच, नाकारत नाही. २००० सालापासून जिल्हा परिषदेच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, हे सांगितलं तरी लोक हसतात. पण ज्यांनी पोरं काढली अशा तीन-चार जणींशी मी निवांत बोलले, तेव्हा दुसरंच ऐकलं. दारात गाडी येते. ठरल्या वेळी नेते, ठरल्या वेळी आणते. तिथले शिक्षक शिकवतात कसं ते ठाऊक नाही, पण वर्गात कुणीतरी मोठं माणूस असतंच. एकजण म्हणाली, “इंग्लिस आमाले काय समजते बाई? पन गाडी रोज येते.” तिथे शिकवणाऱ्या मुली बारावी झालेल्या, हातात दोन-तीन हजार मिळणाऱ्या असतात, हेही तिला माहीत होतं. तिच्या भाचीनेच तिथे शिकवलं होतं!

दुसरं कारण वयाचं. जिल्हा परिषदेची शाळा पहिलीपासून सुरू होते. त्याआधी अंगणवाडी. खासगी शाळेत मात्र तिसऱ्या वर्षी नर्सरी, मग केजी. पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. एकदा त्या गाडीत चढलेलं मूल पहिलीसाठी खाली उतरत नाही. पट इथेच गळतो. पट गळला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की उरलेले पालक पोरं काढतात, आणि पुढच्या वर्षी कागदावर लिहिलं जातं की पालकांचा कल नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने मागवले होते. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून जास्त निघाल्या. उदाहरणं दिली होती पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची आणि नंदुरबारच्या तोरणमाळची. त्यावर बराच गदारोळ झाला. मला त्यातली एक गोष्ट पटते. वर्गात दोनच मुलं असतील तर त्यांना स्पर्धा नाही, सोबत नाही, कबड्डीचा डावही होत नाही. पण ज्यांनी हे कागदावर आखलं त्यांनी ऑगस्टमध्ये आमच्याकडे यावं. दोन गावांमध्ये नाला असतो, त्याला पूर येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने काय केलं ते जिल्हा विसरलेला नाही. नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे, ते उगाच नाही. सहा वर्षांच्या पोराला गाडीत बसवून दुसऱ्या गावी नेणार म्हणता, तर ती गाडी कोण चालवणार, डिझेलचं बिल थकलं की काय होणार, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मुलींचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा शेजारच्या गावी गेली की पहिली गळते ती मुलगी. मानव विकासच्या निळ्या बस आल्या, आठवीपासून सायकली मिळाल्या, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा पास आला, त्याने फार फरक पडला. मी स्वतः पाहिलाय. पण सायकल आठवीत, आणि गळती पाचवीतच सुरू. गरीब घरच्या मुलींना सावित्रीबाईंच्या नावाने दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठरला होता. तो वर्षानुवर्षं एकच रुपया राहिला. त्या रुपयात आता चॉकलेटही धड येत नाही.

आता माझी गोष्ट. प्रश्नावली वाचून झाल्यावर ‘गावची शाळा टिकवा, पोरं काढू नका’ असं मी दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले असावे, कारण सगळ्या गप्प झाल्या. मग एका तरुण आईने हळूच विचारलं, “ताई, तुमचा पोरगा कोन्या शाळेत होता?”

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. माझा मुलगा आणि मुलगी दोघंही शहरात इंग्रजी शाळेत शिकली. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मराठी घेऊन बी. ए. झाले, आणि तरीही मुलांच्या वेळी त्या शाळेच्या पायरीवर चढूनसुद्धा पाहिलं नाही. जाऊबाईंची मुलं जिथे गेली तिथे माझीही गेली. ज्यांना बोलता येतं, अर्ज लिहिता येतो, साहेबांसमोर खुर्ची ओढून बसता येतं, अशा आम्ही सगळ्या त्या शाळांतून निघून गेलो. मागे राहिल्या त्यांच्या वतीने मास्तर मागणार कोण? तसं व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असा कायदा आहे. त्या गावात दोघी सदस्य निघाल्या. एकीला ती सदस्य आहे हेच माहीत नव्हतं. सही करायला वही घरी येते, म्हणाली.

त्या बैठकीत आम्ही एवढंच केलं. त्या दोघींना पुढच्या सभेला शाळेत जायला लावलं, मी सोबत गेले. सभेत फक्त दोन गोष्टी लिहून घेतल्या. पट कितीही असो, पहिली ते चौथीला दोन शिक्षक हवेत. आणि शिक्षकांच्या बैठका शाळा सुटल्यावर घ्या. सर आधी घाबरले, मग त्यांनीच शुद्धलेखन सुधारून दिलं. ठराव पंचायत समितीकडे गेला. अंगणवाडी शाळेच्या रिकाम्या खोलीत आणावी, म्हणजे तिसऱ्या वर्षापासून पोरं त्याच आवारात रुळतील, असंही माझ्या मनात होतं. पण बाया म्हणाल्या, आधी मास्तर. लाखनी तालुक्यातल्या खराशीच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं, ते मी त्यांना सांगितलं तेव्हाही पहिला प्रश्न हाच, “तिथं मास्तर किती?”

प्रश्नावली नव्याने छापली. पहिली चौकट आता शिक्षकाची आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा त्या गावी गेले. ठरावाचं उत्तर आलेलं नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस शेजारच्या शाळेतल्या एक मॅडम येऊ लागल्या होत्या, तेवढंच. पाऊस भुरभुर सुरू होता. शाळेतून निघून रस्त्याला लागले तर डावीकडच्या बांधीत सात-आठ बाया ओळीने वाकून रोवत होत्या. त्यांतली एक माझी छत्री ओळखून उभी राहिली. हात चिखलाने कोपरापर्यंत भरलेले. तिथूनच ओरडली, “ताई, शाळेतून आल्या का जी? मास्तर हायेत?”

“आहेत,” मी ओरडून सांगितलं. “मॅडमही आहेत आज.”

तिने शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि ती पुन्हा वाकली.