अकरा किलोमीटरची रेल्वे, पाच फुटांची फळी

हार्बर लाइनवाल्यांनो, एक साधा प्रश्न. वडाळ्याहून सीएसएमटीकडे येताना शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड ही स्टेशनं लागतात, तेव्हा डावीकडे काय दिसतं? मोबाइलमधून मान वर काढून कधी पाहिलंय? गोडाऊनं, ट्रक, लांबलचक भिंती... आणि मधूनच गवतात शिरलेले रूळ. आपल्या लोकलचं त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. मग ते कोणाचे?

ते बॉम्बे पोर्ट ट्रस्ट रेल्वेचे. मध्य आणि पश्चिम सोडून या शहरात आणखी एक रेल्वे होती, खुद्द बंदराची. स्वतःची इंजिनं, स्वतःचं यार्ड, स्वतःची माणसं. १ जानेवारी १९१५ ला ती सुरू झाली. बॅलार्ड पिअर ते वडाळा, लांबी सुमारे ११ किलोमीटर. म्हणजे आपल्या रोजच्या प्रवासाच्या मानाने किरकोळच! पण गोदीतले फाटे, यार्ड आणि गोडाऊनांच्या साइडिंग्ज जोडल्या की रुळांची लांबी जायची जवळपास १०० किलोमीटरवर. या दोन आकड्यांतच त्या रेल्वेची सगळी कुंडली आहे. तिचं काम कुठे जाणं हे नव्हतंच. तिचं काम होतं लावालावी. बोटीतून उतरलेला माल योग्य वाघिणीत, वाघीण योग्य गाडीत आणि गाडी वडाळ्याला मोठ्या रेल्वेच्या हवाली. (मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे माहीत होतं ना? ‘वॅगन’चं आपण केलेलं हे बारसं मला जाम आवडतं.)

गेली तीन वर्षं मी या रेल्वेच्या मागे आहे. कारण मला ती घरी आणायचीय. खारघरच्या वन बीएचकेमध्ये!

मॉडेल रेल्वे म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गोल रूळ, मध्ये एक प्लॅस्टिकचं झाड आणि भोवती गरागरा फिरणारी गाडी. दहा मिनिटांत पोरं कंटाळतात, मोठे त्याआधीच. पण या छंदात एक वेगळी जमात आहे, स्विचिंग लेआउटवाल्यांची. आपल्या भाषेत शंटिंग. इथे गाडी कुठेच जात नाही. एक इंजिन, काही वाघिणी, दोन-तीन साइडिंग्ज. अमुक वाघीण तमुक ठिकाणी, तमुक क्रमाने उभी करायची, बस्स! बुद्धिबळ आणि पार्किंग यांचं लग्न लावलं तर जे होईल ते.

यातलं माझं लाडकं कोडं म्हणजे ब्रिटनच्या ॲलन राइटचं ‘इंगलनूक’. तीन साइडिंग्ज. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. इंजिनाला पुढे-मागे व्हायला जो तुकडा असतो त्यात इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. आठ पत्ते पिसायचे, पाच काढायचे आणि ज्या क्रमाने पत्ते निघाले त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. सोपं वाटतंय? आठ वाघिणी सुरुवातीला उभ्या राहू शकतात ४०,३२० प्रकारे. पाच वाघिणींच्या गाड्या निघू शकतात ६,७२०. रोज रात्री एक म्हटली तरी अठरा वर्षं पुरतील! आणि जागा किती लागते? पाच फूट लांब, एक फूट रुंद फळी. पुस्तकांच्या कपाटावर मावते. होम लोनवाल्यांसाठी याहून मोठी खुशखबर नाही.

आता तुम्ही विचाराल, कोडंच खेळायचंय तर खरी रेल्वे कशाला हवी? कुठलेही रूळ, कुठलंही गोडाऊन चाललं असतं की. चालतंही. पण महिन्याभरात खेळ पोकळ वाटायला लागतो. वाघीण क्रमांक चार दुसऱ्या साइडिंगला का न्यायची? पत्त्यांनी सांगितलं म्हणून. बॉसने सांगितलं म्हणून केलेल्या एक्सेल शीटसारखं! खरी रेल्वे घेतली की प्रत्येक हालचालीला कारण मिळतं. या वाघिणीत कापूस आहे, म्हणून ती इथे.

अमेरिकेत अशा छोट्या, स्थानिक मालवाहू रेल्वेला ‘शॉर्ट लाइन’ म्हणतात आणि त्यांचा अभ्यास करून लेआउट बांधणारे तिथे हजारोंनी आहेत. त्यांची चैन आहे. आगीचा विमा काढणाऱ्यांसाठी सॅनबॉर्न कंपनीने बनवलेले तिथल्या शहरांचे जुने नकाशे आता घरबसल्या पाहता येतात. इमारत विटांची की लाकडाची, कारखाना कशाचा, रूळ कुठून आत शिरतो, सगळं त्यात. आपल्याला जरा जास्त चपला झिजवाव्या लागतात, इतकंच.

पहिला प्रश्न, काय बांधायचं? माझी फळी पाच फुटांची, म्हणजे दीड मीटर. प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. गुणाकार करा. माझ्या फळीवर खऱ्या रेल्वेचे जेमतेम १३३ मीटर मावतात. अख्खी पोर्ट ट्रस्ट रेल्वे बांधायची तर फळी लागेल सव्वाशे मीटरची, सोसायटीच्या गेटबाहेर जाईल! तेव्हा ११ किलोमीटरमधले १३३ मीटर निवडायचे. कुठले?

ग्लॅमर हवं असेल तर बॅलार्ड पिअर. अलेक्झांड्रा डॉकची (आताची इंदिरा डॉक) खोदाई करताना निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभं राहिलं, आणि तिथल्या मोल स्टेशनवर विलायतेची बोट लागली की समोर गाडी उभी. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या प्रवाशांना इथूनच उचलायची आणि थेट पेशावरला न्यायची. तीच गाडी १९९६ पासून गोल्डन टेंपल मेल म्हणून ओळखली जाते. पण साहेबांची मेल गाडी म्हणजे शंटिंग नव्हे. मला हवं होतं काम.

म्हणून कॉटन ग्रीन. या नावाची गंमत माहितीये? ग्रीन म्हणजे मैदान. कापसाचा बाजार आधी फोर्टात भरायचा, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या परिसरात. १८४४ मध्ये तो कुलाब्याला हलला. तिथेही गर्दी झाली तेव्हा १९२० च्या दशकात शिवडीला. दर वेळी नाव बरोबर गेलं. तुम्ही रोज ज्या स्टेशनवरून जाता ते दोनदा घर बदललेल्या मैदानाचं नाव आहे.

आणि शिवडीच का? कापूस पेटतो म्हणून. मोकळी जागा हवी, गोडाऊनं पक्की हवीत, दोन गोडाऊनांमध्ये रुंद रस्ते हवेत. कापसाची आग काय करते ते १४ एप्रिल १९४४ ला मुंबईने पाहिलं. व्हिक्टोरिया डॉकमधल्या ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकाच वेळी होती. आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यासाठी. तेव्हा बंदराचा जुना नकाशा हातात आला की मी आधी साल पाहतो. १९४४ च्या अलीकडचा की पलीकडचा?

नकाशे कुठून आणायचे? माझी पद्धत सांगतो, कोणालाही जमेल. आधी गुगल अर्थ. त्यात जुन्या उपग्रह चित्रांकडे मागे जायची सोय आहे. एकेक वर्ष मागे गेलं की रस्त्यावरच्या डांबराखालून रूळ वर यायला लागतात. मग एशियाटिक सोसायटी. शनिवारी टाऊन हॉलच्या त्या पायऱ्या चढायच्या आणि जुने नकाशे, जुन्या टाइम्स ऑफ इंडिया डिरेक्टऱ्या पाहायच्या. रस्त्यावर कोणती पेढी होती ते डिरेक्टरी सांगते, पेढी कळली की माल कळतो. मग बंदराचे वार्षिक अहवाल. दिसायला रटाळ, पण किती टन काय आलं नि गेलं ते त्यात असतं. शेवटी स्वतःचे डोळे. मात्र गोदीत पासशिवाय शिरायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. सार्वजनिक रस्ता आणि लोकलची खिडकी पुष्कळ झाली. विंडो सीट मिळाली तर!

एवढं केल्यावर माझ्याकडे रुळांचा नकाशा तयार होता. सांधे कुठे, साइडिंग किती लांब, सगळं. तो घेऊन मी आमच्या सोसायटीतल्या काकांकडे गेलो. पोर्टातून शंटिंग जमादार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावला, कागद फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, “अरे, रूळ काय दाखवतोस? दारं कुठायत?”

“कसली दारं, काका?”

“गोडाऊनची. वाघिणीचं दार गोडाऊनच्या दारासमोर आलं पाहिजे. वाघीण दहा फूट पुढे राहिली तर इंजिनाचं काही जात नाही. गाठ हमाल उचलतो.”

कापसाची एक गाठ पावणेदोनशे किलोच्या घरातली. दहा फूट गुणिले पावणेदोनशे किलो गुणिले जेवढ्या गाठी तेवढ्या खेपा. हे कुठल्याच नकाशात नव्हतं. उपग्रहाला छप्पर दिसतं, दार दिसत नाही. अहवालात टन असतात, पाठी नसतात.

त्यानंतर काका तासभर बोलत होते. रात्रीच्या पाळीत हातकंदील कसा हलवला की ड्रायव्हरने काय समजायचं, पावसाळ्यात सांधा का अडतो, कपलिंग जोडायला दोन वाघिणींच्या मधे शिरताना कान कुठे ठेवायचा. मी लिहून घेत होतो. पुढच्या रविवारी ते घरी आले. मी इंजिन चालवून दाखवलं. वाघिणी एकमेकींना आपोआप अडकल्या, टिक्. काका बघत राहिले. मग म्हणाले, “तुझ्याकडे मधे माणूस जात नाही. बरंय.”

त्या एका वाक्यासाठी मला हा छंद लागला असावा असं आता वाटतं.

कारण आता ते काम त्या रुळांवर पूर्वीसारखं उरलेलं नाही. कंटेनर आले. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि बराच माल तिकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, या जुन्या गोद्या भराव घालून बुजवल्या. पोर्ट ट्रस्टचं आता मुंबई पोर्ट अथॉरिटी झालं. पूर्व किनाऱ्याचं काय करायचं याचे आराखडे वर्षानुवर्षं निघतायत. बागा व्हाव्यात, किनारा लोकांना खुला व्हावा, मलाही हवंय. दगडी इमारती जपायला हेरिटेजवाले आहेत, फ्लेमिंगोंसाठी पक्षिमित्र आहेत. पण वाघीण कुठे उभी करायची, हे माहीत असलेली माणसं? ती आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आहेत, संध्याकाळी खाली बाकावर बसलेली असतात. त्यांना कोणी विचारत नाही, आणि नकाशासारखं त्यांना मागे सरकवून पाहायची सोय नाही.

माझ्या फळीवर आता साठच्या दशकातली एक दुपार उभी राहतेय. रुळांचं माप थोडं चुकतं राहणार, कारण आपल्या ब्रॉडगेजला या प्रमाणात १९.३ मिलिमीटर लागतात आणि तयार रूळ मिळतात १६.५ चे. तेवढं चालवून घेतलंय. गोडाऊनं मात्र कार्डशीटची, घरी केलेली, आणि प्रत्येकाला दार आहे. खेळाचा नियमही एकाने वाढलाय. पाच वाघिणी क्रमाने लागल्या म्हणजे जिंकलं असं नाही. दारासमोर दार आलं पाहिजे.

तुम्हाला हा छंद लागलाच पाहिजे असं अजिबात नाही. फळी नको, इंजिन नको. पण तुमच्या वाटेवरही असं काहीतरी असेलच. गिरणीची चिमणी, बंद पडलेला मालधक्का, एखादी फॅक्टरी जिच्या जागी आता तुमचंच ऑफिस आहे. त्यातले १३३ मीटर निवडा. नकाशे शनिवारी पाहा. पण त्याआधी, आजच, बाकावर बसलेल्या त्या काकांना गाठा. एशियाटिकचे नकाशे पुढच्या महिन्यातही तिथेच असतील.