ओसरीच्या सावलीतील माणसे

दारव्ह्याच्या आमच्या जुन्या घरासमोर १९५६ साली काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र आमच्या संग्रही आहे. पुढे उन्हात काळे कोट घातलेले पुरुष खुर्च्यांवर बसलेले, त्यांच्या पायाशी मुले. आणि मागे, ओसरीच्या सावलीत, डोईवर पदर घेतलेल्या स्त्रिया उभ्या. त्यांत आमची आजी आहे. तिचे दुसरे छायाचित्र नाही.

गेल्या दिवाळीत ते स्कॅन करवून मोठे करून आणले, तेव्हा कोटांचे डांबरी डाग झाले होते आणि ओसरीच्या जागी नुसता काळोख होता. आत्याबाईंनी ते हाती घेतले आणि "आई कुठे गेली?" एवढेच विचारले. मूळ चित्र खिडकीशी नेऊन तिरपे धरले, तर आजी जागच्या जागी होती.

वाचकहो, आपल्या बहुतेक घरांतील जुन्या चित्रांची मांडणी अशीच आहे. ऊन पुरुषांच्या वाट्याला, सावली स्त्रियांच्या. म्हणून गडद भाग बुडाला की अर्धे कुटुंब बुडते.

स्कॅनरला 'ऑटो'वर सोडले की तो चित्र उठावदार करण्यासाठी गडद छटा निव्वळ काळ्या ठरवून मोकळा होतो. मग फाईलमध्ये तपशील उरतच नाही. पुढे कितीही उजळा, करडा धूरच हाती येतो. यास्तव ऑटो बंद ठेवावे, १६ बिट ग्रेस्केल निवडावे (८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६च पायऱ्या असतात) आणि आलेखातील काळ्याची खूण चित्रातील सर्वांत गडद छटेच्याही किंचित डावीकडे ठेवावी. असे स्कॅन मळकट, निस्तेज दिसते. दिसू द्यावे. ते टिफ स्वरूपात जपून, उजळणी प्रतीवर करावी, तीही केवळ सावल्यांची आणि हलक्या हाताने.

निगेटिव्ह सापडली तर उत्तमच. चित्रात जो भाग दाट काळा, तोच निगेटिव्हमध्ये सर्वांत पारदर्शक असतो. त्यातून प्रकाश सहज जातो. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली जैन कुटुंबात जन्मलेले राजा दीनदयाळ निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या २,८०० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. आमच्याकडच्या मात्र कपाट आवरताना कोणीतरी रद्दीत दिल्या.

जुन्या चित्रांच्या काळ्या भागावर कधी निळसर चंदेरी झाक येते. ती वर आलेली चांदी असते. पुसू नये. स्कॅनरचा प्रकाश तीवरून परततो व सावली धुरकट होते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश देऊन कॅमेऱ्याने प्रत घेणे बरे.

छपाईत पुन्हा तोच धोका असतो. पडदा स्वतः प्रकाशतो, कागद नाही. शिवाय शाई थोडी पसरते आणि जवळजवळ काळ्या छटा एकमेकींत मिसळतात. आम्ही आधी केवळ ओसरीच्या भागाच्या तीन पट्ट्या, कमीअधिक उजळून, छापून घेतल्या आणि जिथे चित्र लावायचे त्या भिंतीपाशी धरून पाहिल्या. मधली पसंत पडली.

आता आजी दिसते. कमरेच्या चाव्यांचा जुडगासुद्धा. तिच्या शेजारी दाराला टेकून आणखी एक बाई उभी आहे, हे मात्र आम्हांस प्रथमच कळले. आत्याबाई म्हणतात, त्या दिग्रसच्या मावशी असाव्यात. आई म्हणते, नव्हे.