आडवे कोण गेले?

घराबाहेर पडताना मांजर आडवे गेले तर घटकाभर थांबावे, असा संकेत आपल्या वडीलधाऱ्यांनी पाळला. मुंगूस दिसले तर दिवस चांगला जाईल, असेही तेच म्हणत. या समजुतींची थट्टा करणे सोपे आहे आणि सुशिक्षितांनी ती पोटभर केली आहे. परंतु त्यांतून एक गोष्ट साधत असे : माणूस क्षणभर थांबत असे. आज समजूत गेली आणि तिच्याबरोबर थांबणेही गेले. मागे राहिला तो शब्द. ससा, साळिंदर, घोरपड वा बेडूक चाकाखाली चिरडला की गाडीतील गृहस्थ सहज म्हणतात, ‘एकदम आडवे आले हो!’ जणू रस्ता अनादिकालापासून तेथे होता आणि त्या जीवाने आगंतुकासारखे त्यावर अतिक्रमण केले! या एका वाक्याविरुद्ध मला आज वाचकांच्या न्यायासनापुढे फिर्याद मांडावयाची आहे. वादाचा मुद्दा एकच : आडवे कोण गेले?

ज्या रस्त्यांविषयी मी बोलत आहे ते आपल्या नित्य परिचयाचे आहेत. एक बेळगावहून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ले घाटाने गोव्यात उतरतो. दुसरा खानापूर-लोंढ्यावरून अनमोडकडे जातो. तिसरा निपाणी-संकेश्वराच्या बाजूने आजऱ्यावरून आंबोलीस चढून सावंतवाडीकडे वळतो. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांच्या दर्शनासाठी निघालेल्या आपल्या मंडळींचा यांपैकी एका ना एका रस्त्याशी संबंध येतोच. हे रस्ते ज्या मुलखातून जातात त्याचे स्वरूप मात्र आपण विसरतो. खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते, आंबोलीस हिरण्यकेशी. कुलदेवतेकडे जाणारी आपली वाट अशी रानाच्या माजघरातून जाते. आणि परक्याच्या माजघरातून जाणाऱ्याने पाऊल जपून टाकावे, हा आपल्याकडील साधा शिष्टाचार आहे.

कोणत्याही फिर्यादीत प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतो. या प्रकरणात तो कोण? मोटारचालक खचित नव्हे. काचा बंद, आत गाणे चालू, नजर दूरच्या वळणावर. चाकाखाली काय आले हे त्यास बहुधा कळतच नाही, आणि कळले तरी खड्डा समजून तो पुढे जातो. खरी साक्ष आहे ती सायकलस्वाराची. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला गवळी, कामावर जाणारा मजूर, शाळेची वाट तुडवणारी पोरे, आणि अलीकडे रविवारी हौसेने सायकली काढणारी बेळगावची तरुण मंडळी यांना रस्त्याचा प्रत्येक हात दिसतो, ऐकू येतो आणि दुर्दैवाने वासानेही कळतो. प्रस्तुत लेखक स्वतः गेली काही वर्षे जांबोटीच्या रस्त्याने सायकल हाकीत आला आहे, म्हणून तोही या साक्षीदारांपैकीच एक.

ही साक्ष काय सांगते? रस्ता ओलांडून कडेच्या गवतात शिरण्यापूर्वी मुंगूस एकवार मागे वळून पाहते. पावसाळी सकाळी खेकडा नांग्या उगारून सायकलीपुढे उभा राहतो आणि मग तिरका तिरका गटारात उतरतो. धामण आपली सारी लांबी सावकाश रस्त्यापलीकडे ओढून नेते. तिच्यासाठी पाय टेकून उभे राहावे, इतकेच काम सायकलस्वाराला असते. त्याच रस्त्यावर पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बेडकांची कलेवरे कागदासारखी चपटी होऊन डांबराला चिकटलेली असतात. कोठे साळिंदराचे काटे विखुरलेले दिसतात, कोठे उदमांजराची झुपकेदार शेपटी तेवढी ओळखू येते. जिवंत प्राणी आणि मेलेला प्राणी, दोन्ही पाहणारा हा एकच प्रवासी आहे.

हे मृत्यू योगायोगाचे नव्हेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराची ऊब सभोवतालावर अवलंबून असते, आणि सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ उबदार राहते. म्हणून साप संध्याकाळी रस्त्यावर येऊन पडतो. मालमोटारींतून सांडलेल्या धान्यावर उंदीर जमतात, उंदरांमागे साप येतो, घुबड येते. पहिल्या पावसाने जागे झालेले बेडूक अंडी घालण्यासाठी पाण्याच्या डबक्यांकडे निघतात, आणि त्यांची ती रात्र ठरलेली असते. प्रखर दिव्यांच्या झोतात ससा पळत नाही, जागीच खिळतो. निपाणी-बेळगाव महामार्गावर तर मधोमध दुभाजकाची भिंत आहे : लहान जनावर अर्धा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडते आणि त्या भिंतीपाशी अडकते. पुढे वाट नाही, मागे गाड्या!

आता थोडे गणित. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्याच अवधीत २२ मीटर जाते. चालकाला ४० मीटरवर काही हलताना दिसले, तर ते काय आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद संपलेले असतात. दोन पदरी रस्त्याचा डांबरी पट्टा सुमारे ७ मीटर रुंद असतो. उड्या मारीत, मध्ये थबकत जाणाऱ्या भेकाला तो ओलांडावयास एक मिनिट लागले असे धरा. त्या मिनिटात ती मोटार सव्वा किलोमीटरहून अधिक दौडते. या हिशेबात भेकाचा अपराध कोठे आला?

मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या दिवाणी न्यायालयांत वहिवाटीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या १५ व्या कलमाचे तत्त्व सीमाभागातील शेतकऱ्यास तोंडपाठ असते : दुसऱ्याच्या जमिनीतून एखाद्याने उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, अखंड २० वर्षे ये-जा केली, तर त्या वाटेवर त्याचा हक्क उत्पन्न होतो. बेडूक वादी होऊन दावा दाखल करू शकत नाही, हे मी जाणतो. पण तत्त्वाचा विचार करा. आंबोलीच्या सड्यावर एक लहानसा पिवळसर भेक राहतो. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन २००९ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्याची वस्ती आंबोली व लगतच्या सड्यांपुरतीच माहीत आहे. आपल्या शास्त्राला तो काल-परवा ठाऊक झाला. त्याची पाण्याकडे जाण्याची वाट मात्र घाटातल्या पहिल्या बैलगाडीच्याही आधीची आहे. २० वर्षांच्या वहिवाटीला जो समाज मान देतो, त्याने हजारो वर्षांच्या वहिवाटीला निदान एका रात्रीची सवड तरी द्यावी की नाही? तेव्हा पहिल्या मुद्द्याचा निर्णय स्पष्ट आहे. आडवा गेला तो रस्ता, आणि आडवे गेलो ते आपण.

कायद्याची आजची स्थिती विचित्र आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमान्वये अपघातात माणसास इजा झाली वा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकावर कर्तव्ये येतात. कोणाची शेळी मेली तर धनी गाडी अडवतो, आणि योग्यच करतो. साळिंदराला धनी नाही. ते जिवंत असेपर्यंत कोणाचेच नसते. मेल्यावर मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने ते सरकारची मालमत्ता होते! धनी मिळतो तो प्रेताला. शिकारीस त्या कायद्यात कडक शिक्षा आहे, पण चाकाखाली मारणाऱ्याचा हेतू दाखविता येत नाही. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदाने १९७६ पासून प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ते आपण भिंतीवर टांगले आणि गाडी सुरू केली.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला व्यापाऱ्यांचा : बेळगावची भाजी आणि दूध गोव्यास जावयाचे, घाट अडविले तर पोट कसे भरावे? परंतु घाट अडवा असे कोण म्हणतो? ८० च्या जागी ४० च्या वेगाने १० किलोमीटरचा टापू ओलांडावयास साडेसात मिनिटे अधिक लागतात. तेवढ्याने भाजी नासत नाही. दुसरा आक्षेप भित्र्यांचा : साप-मुंगसांमुळे सायकलस्वारांनाच धोका आहे. ज्याचा अनुभव आहे त्याला विचारा. जो बेताने ब्रेक लावतो, हातभर अंतर ठेवून थांबतो आणि जनावराला आपल्या गतीने जाऊ देतो, त्याचे नागाशीही भांडण होत नाही. सायकलस्वार पडतो तो एकदम हँडल वळविल्याने. आणि एकदम हँडल वळवितो तो बहुधा मागून येणाऱ्या मालमोटारीच्या भयाने. त्या रस्त्यावर तोही एक लहान प्राणीच आहे. महामार्गालगतच्या गावातील सायकलवाल्या शाळकरी मुलालाही तोच दुभाजक अडवतो, आणि त्यालाही ‘मध्येच आडवा आला’ असेच म्हणतात.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा : माणसे मरत असताना बेडकांची कसली चिंता? जो वेग बेडकाला मारतो तोच माणसालाही मारतो. एकाची काळजी घेतली तर दुसऱ्याची आपोआप घेतली जाते. या दोन दयांत भांडण लावण्याचे कारण नाही.

आता आपल्याच घरात डोकावू. हे नियतकालिक ज्यांच्या हाती पडते ती आपण देवळाची माणसे. गजाननाचे वाहन उंदीर, कार्तिकेयाचे मोर, विष्णूचे गरुड. आपल्या देवांनी प्राण्यांना वाहन केले. आपण वाहनांखाली प्राणी घालतो. नागपंचमीस पाटावरील नागाला दूध-लाह्या, आणि देवळाकडे जाताना वाटेतील नागावरून चाक! दगडी नागाची पूजा आणि जिवंत नागाची हत्या या विसंगतीवर बसवेश्वरांनी याच कर्नाटकात बाराव्या शतकात बोट ठेवले होते. इतकी शतके लोटली तरी आपण उत्तर दिलेले नाही.

‘आम्हांस कळले नाही’ हा बचावही चालणार नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. लहानपणी त्यांनी कीटकांना काडी टोचली म्हणून त्यांना सुळावर चढावे लागले, असे धर्माने सांगितले. मांडव्यांनी धर्मालाच जाब विचारला : अजाण वयातील एवढ्याशा अपराधास इतकी शिक्षा? आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचे पातक लागणार नाही, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली. अजाण बालकास सूट, ही मांडव्यांची उदारता. पण परवाना खिशात बाळगणारा गाडीवान बालक नव्हे. त्या मर्यादेपलीकडे आपण सगळेच उभे आहोत.

देवळाला काय करता येते याचा दाखलाही जवळच आहे. आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवालयाच्या कुंडात, एक चिमुकला मासा आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याला हिरण्यकेशीचेच नाव दिले, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. त्या पाण्याला देवाचे मानून भाविकांनी जपले, म्हणून मासा राहिला. तीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करीत आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते. जी मर्यादा कुंडापाशी पाळली जाते ती कुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर का पाळू नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने रस्त्याच्या स्वरूपानुसार वेगमर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला आहे. चोर्ले, अनमोड आणि आंबोली या घाटांत पावसाळ्याच्या रात्रींसाठी तो वापरावा. बंदीपूरच्या जंगलात २००९ साली रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद झाली आणि २०१० साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. तेथे हत्ती आणि वाघ होते म्हणून त्यांना वकील मिळाले. आम्ही तर बंदी मागत नाही, संथपणा मागतो. पेंचजवळच्या महामार्गाखालून वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले. आपल्याकडे रुंद होणाऱ्या रस्त्यांखाली मोऱ्या बांधावयाच्याच आहेत, त्यांत एका बाजूस कोरडी पायवाट ठेवावी, आणि दुभाजकांत ठिकठिकाणी लहान जनावराला जाता येईल अशी फट ठेवावी. सीमेविषयीचा महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याच्या निकालापर्यंत घाटातल्या घोरपडीला थांबविण्याचे कारण नाही. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांनी निदान एवढ्या बाबतीत एकत्र बसावे.

आणि देवस्थानांच्या विश्वस्तांस विनंती : यात्रेच्या पत्रिकेत प्रसादाच्या वेळेखाली एक ओळ छापा, ‘घाटात गाडी सावकाश चालवावी, रात्री शक्यतो प्रवास टाळावा.’ सरकारला अधिसूचना काढावी लागते, तुम्हांला एक ओळ पुरते. येत्या मृगात पहिला पाऊस पडेल आणि बेडूक आपल्या जुन्या वाटेने निघतील. त्या रात्री आपण घरी थांबलो, तर कुलदेवता रागावणार नाही.