घाटाचीं आणि लेण्यांचीं कार्डें

तिकिटें, नाणीं, काड्यापेट्यांवरील चित्रें जमविणारीं मुलें कांहीं घरांत असतात. पण वडील माणसांनींही मनावर घ्यावा असा छंद कोणता, असें कोणीं विचारल्यास आम्ही जुन्या चित्रकार्डांचें नांव घेऊं. त्यांतही खोगीरभरती न करितां एखादा विषय धरावा हें बरें. बोगदे, लेणीं आणि चमत्कारिक वाटा हा तसा एक विषय आहे, व त्यासाठीं स्वित्झर्लंडकडे पाहण्याचें आपणांस कारण नाहीं. कर्जतहून मळवलीपर्यंत गेलें कीं तिन्ही हाताशीं येतात.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. सुमारें सोळा मैलांत अठराशें फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आणि कोठें कोठें सदतीस फुटांस एक फूट अशी चढण! इतकें करूनही खंडाळ्याखालीं गाडी सरळ वर नेण्यास डोंगरानें जागा दिली नाहीं. तेव्हां इंजिनियरांनीं तेथें ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधलें. गाडी कड्याच्या टोकाशीं येऊन थांबे. एंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत. आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट तोंडानें पुढील चढ चढूं लागे. १९२९ सालीं नवे बोगदे काढून ही वांकडी वाट मोडीत काढण्यांत आली. म्हणून त्या स्टेशनाचें कार्ड ज्याच्यापाशीं आहे, त्याच्यापाशीं आतां कोणासही करितां न येणारा एक प्रवास आहे.

या कामावर १८६१ सालीं बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीनें त्यांतील किती तरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें आल्यावर लवकरच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें काम पुरें करून घेतलें, आणि छायाचित्रेंही काढिलीं. पुढें निघालेल्या कार्डांवर मात्र कमानी, धूर आणि दरी एवढेंच दिसतें. मजुरांची आठवण कार्डें छापणारांस झालेली दिसत नाहीं.

रंगांवर फार विश्वास ठेवूं नये. पहिल्या महायुद्धापूर्वीचीं पुष्कळ कार्डें जर्मनींत छापून येत. मूळ छायाचित्र काळेंपांढरें. त्यांत रंग भरणारानें सह्याद्रि कधीं पाहिलेला नसे. मग वैशाखांतील करपलेल्या डोंगरावर श्रावणाची हिरवळ चढे. गंमत अशी कीं, खुद्द मळवलीस रविवर्म्याचा छापखाना होता. १९०३ सालीं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानें विकत घेतला, व देवादिकांच्या तसबिरींबरोबर तेथें चित्रकार्डेंही निघत. त्याच स्टेशनावर उतरून कार्ल्याच्या लेण्यांस जातात. तेथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब असून छताच्या लांकडी कमानी दोन हजार वर्षें जागेवर आहेत. अंधारांत छायाचित्र घेण्यास त्या काळीं बराच वेळ भिंग उघडें ठेवावें लागे. त्यामुळें आंतील चित्रांत दगडाचे खांब रेखीव उठतात, पण चालतां माणूस उठत नाहीं.

कार्डाचा काळ ठरविण्यास मागील बाजू पाहावी. प्रारंभीं ती केवळ पत्त्यासाठीं राखलेली असे, म्हणून मजकूर चित्राच्या कडेस कोंबलेला आढळतो. इंग्लंडांत १९०२ सालीं पत्त्याच्या बाजूची अर्धी जागा मजकुरास मिळाली. इतर देशांत ती पद्धत थोडी मागाहून आली. पोस्टाच्या शिक्क्यावरून कार्ड केव्हां धाडलें तें कळतें, चित्र केव्हां काढलें तें नव्हे. एकच चित्र दुकानदार वर्षानुवर्षें खपवीत.

यासाठींच खळीनें कार्डें वहींत चिकटविण्यास आमचा सक्त विरोध आहे. कागदाच्या चार कोपऱ्यांत तीं अडकवावींत, म्हणजे पाहिजे तेव्हां उलटतां येतात. कांहीं संग्राहकांस कोरेंच कार्ड आवडतें. आम्हांस लिहिलेलें अधिक मोलाचें वाटतें. एकत्र कुटुंबांत कार्ड उघडें येई व सर्वांदेखत वाचलें जाई. सासरच्या मुलीनें त्यावर ‘सर्व खुशाल’ याहून अधिक लिहावें तरी काय? अशुभ वर्तमानाचें कार्ड तर वाचतांच फाडून टाकीत. तें कोणाच्याही संग्रहांत सांपडावयाचें नाहीं.

जुनीं घरें पाडलीं जात असतां पेट्या रद्दींत जातात, त्यापूर्वीं एकदां त्या उघडून पाहाव्या. मजकूर मोडींत असेल व घरांत मोडी जाणणारें कोणी असेल, तर तें कार्ड त्यांच्यापुढें आजच ठेवावें आणि वाचलेलें बालबोधींत, पेन्सिलीनें, निराळ्या चिठ्ठीवर उतरून घ्यावें. कोणी नसेल तर मोडी शिकविणारे वर्ग पुण्यास चालतात.